चिंचोटी-वसई : ज्येष्ठांसाठी दोन रात्रींचा संथ मुक्काम

मुंबईहून अहमदाबादकडे जाणाऱ्या महामार्गाने घोडबंदरजवळ वसईची खाडी ओलांडली, की ससूनवघर, मालजीपाडा अशी गावे मागे पडतात आणि चिंचोटीचा नाका येतो. उजवीकडे कामणमार्गे भिवंडीचा रस्ता फुटतो. नाक्यावर मालमोटारींची रांग, गॅरेजे, गोदामे, चहाच्या टपऱ्या आणि धूळ. येथे उतरलेल्या माणसाला हे निवांतपणाचे ठिकाण आहे, असे पहिल्या क्षणी वाटणार नाही. परंतु पूर्वेकडे मान वळवली, की तुंगारेश्वराच्या डोंगराची हिरवी-करडी भिंत उभी दिसते. हा डोंगर २००३ पासून अभयारण्य आहे. दक्षिणेला बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि पलीकडे तानसा अभयारण्य, यांच्या मधला तो जंगलाचा दुवा होय. पश्चिमेला, महामार्गापासून काही किलोमीटरवर, वसईच्या बागायती आणि त्यांच्याही पुढे अरबी समुद्र. डोंगर, वाडी आणि समुद्र एवढ्या थोडक्या अंतरात असलेली जागा मुंबईच्या परिसरात फारशी सापडत नाही.

चिंचोटीचे नाव बहुतेकांनी ऐकलेले असते ते धबधब्यामुळे, आणि पुष्कळदा दुःखद बातम्यांमुळे. जुलै २०१८ मध्ये अचानक वाढलेल्या पाण्यामुळे तेथे शंभराहून अधिक पर्यटक अडकले होते. त्यांना सोडवावे लागले आणि एकाचा जीव गेला. पावसाळ्यात या परिसरात जाण्यास प्रशासन वेळोवेळी बंदी घालते, ते याचसाठी. तेव्हा या लेखातील चिंचोटी पावसाळ्यातील नाही, धबधब्याच्या तळाची तर नाहीच. डिसेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत, सत्तरी ओलांडलेल्या माणसाने, काठी टेकत, हवे तेथून परत फिरण्याची मुभा ठेवून अनुभवायची ही चिंचोटी आहे. आणि तिच्या जोडीला वसईचा किल्ला, सोपाऱ्याचा स्तूप आणि बागायतीतील सावली.

परदेशातला शब्द, आपल्याकडची सोय

आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे आज नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क या देशांत नोकरीनिमित्त राहतात. त्यांच्याकडून येणाऱ्या छायाचित्रांत एक गोष्ट वारंवार दिसते. शहरात राहणारी म्हातारी माणसे आठवड्याच्या कामाइतक्याच सहजपणे रानात फिरायला जातात. ऑस्लो शहराच्या मेट्रोची एक नंबरची गाडी फ्रोग्नरसेटेरेन या शेवटच्या स्थानकात थेट जंगलाच्या कडेला नेऊन सोडते. या सवयीला नॉर्वेजियन भाषेत 'फ्रिलुफ्ट्सलिव' म्हणतात, म्हणजे मोकळ्या हवेतले जगणे. हेन्रिक इब्सेन या नाटककाराने १८५९ मधील एका कवितेत हा शब्द वापरला आणि पुढे तो रूढ झाला. त्यात शिखर गाठण्याचा आग्रह नाही. घराबाहेर पडावे, चालावे, बसावे, डब्यातले खावे आणि घरी यावे, एवढाच त्याचा अर्थ.

तिकडे जाण्याचा खर्च, लांबचा विमानप्रवास आणि थंडी प्रत्येक वृद्धाला झेपेलच असे नाही. त्या सहलीतला जो खरा लाभ आहे, तो मात्र येथेही मिळू शकतो. पश्चिम रेल्वेची लोकल आपल्याला वसई रोडला आणून सोडते. वसई रोड ते दिवा या मार्गावरील कामण रोड हे स्थानक तर चिंचोटीच्या डोंगराच्या बाजूलाच आहे. आपल्याकडे उणीव असते ती आखणीची. आपली सहल बहुधा घरातील सर्वांत तरुण माणसाच्या पायांनी आखली जाते आणि सर्वांत वृद्ध माणसाने तिच्यामागे फरफटत जावे लागते. ज्येष्ठांच्या मुक्कामाची आखणी दोन गोष्टींवर उभी राहावी. अन्नाविषयी मनात शंका राहू नये, आणि चालताना परत फिरण्याचा अधिकार ज्येष्ठाच्याच हाती असावा. बाकीच्या सोयी या दोहोंच्या मागून येतात.

जंगलाच्या कडेची वाट

गेल्या जानेवारीत आमची दोन कुटुंबे मिळून वसईला दोन रात्री राहिली. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघे झिजलेले. शेजारचे चाचा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. वीस वर्षांचा मधुमेह आणि तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा सौम्य झटका, त्यामुळे डावा पाय किंचित ओढत चालतात. चाची बहात्तर वर्षांच्या. त्या तीन वर्षांत त्यांनी चाचांना सोडून एक रात्रही बाहेर काढलेली नव्हती. निघण्यापूर्वी आम्ही एक नियम ठरवला होता. कोणीही 'फिरू या' म्हटले, की सर्वांनी परत फिरायचे. का, असे विचारायचे नाही.

सकाळी आठच्या सुमारास, ऊन डोंगरावर आल्यावर, आम्ही चिंचोटीच्या पायवाटेला लागलो. पहाटे अंधारात अभयारण्याच्या वाटेला जाऊ नये. येथे बिबट्याचा वावर आहे, आणि वृद्धांच्या दृष्टीने त्याहून मोठा धोका म्हणजे दवाने निसरडे झालेले दगड. वन खात्याच्या फलकावर काय लिहिले आहे ते वाचावे, पाड्यावरच्या माणसांना वाटेची स्थिती विचारावी आणि मगच पुढे जावे. या पट्ट्यात वारली, मल्हार कोळी, कातकरी अशा आदिवासी समाजांची वस्ती आहे. रानाची, पाण्याची आणि वाटेची जाण त्यांना आपल्याहून कितीतरी अधिक असते.

धबधब्यापर्यंतची संपूर्ण वाट धडधाकट माणसालाही दीड-दोन तास घेते. ती ओढा पुन्हा पुन्हा ओलांडत, दगडांवरून चढत जाते. ज्येष्ठांनी त्या वाटेचा सुरुवातीचा सौम्य भाग तेवढा घ्यावा. त्या भागातही रान भरपूर आहे. साग, ऐन, कळंब आणि बांबूची बेटे डोळ्यांना पडतात. जानेवारीच्या अखेरीस काटेसावरीला गुलाबी-लाल फुले येऊ लागतात, पुढे पळस पेटतो. तांबट पक्ष्याचा ठोके दिल्यासारखा एकसुरी आवाज ऐकू येतो. बुलबुल आणि सातभाईंचे थवे वाटेच्या दोन्ही बाजूंनी कलकलाट करीत फिरतात. कान मंद झालेल्या माणसालाही सातभाई ऐकू येतात, हे आईने हसत हसत सांगितले.

वीसेक मिनिटे चालल्यावर ओढ्याचे पहिले पात्र आले. पाणी थोडे, खडकांच्या खळग्यांत साचलेले. चाचा घडीच्या स्टुलावर बसले. तेवढ्यात महाविद्यालयीन मुलांचा एक गट मागून आला. त्यातला एक जण आदराने म्हणाला, "आजोबा, अजून तासभर वर आहे, हळूहळू या. आम्ही हात धरतो."

"तुम्ही जाऊन या, बेटा. मला एवढं पाणी पुष्कळ आहे," चाचा म्हणाले. मुले पुढे गेली. पंधरा मिनिटे आम्ही तेथे बसलो, पाणी प्यालो, आणि मग चाचाच म्हणाले, "चला, फिरू या." कोणी का म्हणून विचारले नाही.

उतरताना चाचा मला म्हणाले, "आजारी पडल्यापासून मला सगळे जण सांगतात, इथे बसा, तिथे उठा. आज पहिल्यांदा मी म्हणालो आणि सगळे वळले." काळजी घेणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य लक्षात ठेवावे, असे मला वाटते. दुखण्याने माणसाची शक्ती जाते, त्याहून अधिक त्याचा निर्णय जातो. लहानशा पायवाटेवर तो परत देता येतो.

चालण्याचे माप

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार, ६५ वर्षांवरील व्यक्तींनीही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत. ज्यांना एवढे जमत नाही त्यांनी जमेल तितके करावे. थोडी हालचालही काहीच न करण्यापेक्षा हितकारक असते. मध्यम श्रम ओळखण्याची सोपी खूण अशी : चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. बोलतानाही धाप लागत असेल, तर वेग कमी करावा. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घाम सुटणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे यांपैकी काही जाणवले, तर चालणे तत्क्षणी थांबवून वैद्यकीय मदत मिळवावी.

गुडघेदुखी असणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चढण दम काढते, परंतु गुडघ्यांना अधिक ताण उतरण देते. म्हणून 'अजून ताकद आहे' असे वाटत असतानाच वळावे, थकल्यावर नव्हे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. सरळ उभे राहून हात मोकळा सोडला असता काठीची मूठ मनगटाच्या रेषेत आली, तर तिची उंची योग्य समजावी. रबरी टोपी झिजली असेल, तर निघण्यापूर्वी बदलावी; खडकावर घसरणाऱ्या काठीपेक्षा काठी नसलेली बरी.

म्हातारपणी तहानेची जाणीव मंदावते. तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडे पाणी घ्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाण्याचे प्रमाण ठरवून दिले आहे, त्यांनी मात्र ते ओलांडू नये. दमा किंवा श्वसनाचा विकार असणाऱ्यांनी नाक्यावरून जाताना मास्क लावावा आणि गाडी शक्य तितकी पायवाटेच्या जवळ न्यावी. महामार्गाच्या कडेने चालण्यात आरोग्य नाही.

नमाज पढणाऱ्या वृद्धांसाठी आणखी एक सूचना. वजूसाठी ओढ्याच्या काठी उतरू नये. शेवाळलेल्या दगडावर एक पाय उचलून धुताना तोल जाण्याची शक्यता फार असते. पाण्याची वेगळी बाटली आणि घडीचे स्टूल जवळ ठेवावे. बसून वजू करावा. गुडघे वाकत नसतील त्यांना बसून नमाज पढण्याची मुभा धर्मानेच दिलेली आहे.

निःशंक घास

आता अन्नाविषयी. प्रवासात वृद्ध माणसे कमी खातात, याचे कारण नेहमी भूक नसणे हे नसते. अनेकदा ते शंका असणे हे असते. कोणाला हलाल नसलेले मांस चालत नाही, कोणाचा जैन आहार सूर्यास्तापूर्वी आटोपावा लागतो, कोणी चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करते. तरुण पिढीला ही अडचण किरकोळ वाटते. परंतु मधुमेहाची गोळी घेऊन ताटावर बसलेला माणूस शंकेपोटी घास मागे सारतो, तेव्हा ती अडचण थेट वैद्यकीय होते. इन्सुलिन, किंवा ग्लिमेपिराइडसारख्या सल्फोनिल्युरिया गटातील गोळ्या घेणाऱ्याने जेवण टाळले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. चाचा याच कारणाने बाहेर जाणे टाळू लागले होते. एका लग्नात जेवणाविषयी खात्री न पटल्याने ते उपाशी राहिले आणि परतीच्या वाटेवर त्यांना घाम सुटून थरथर सुरू झाली होती.

म्हणून मुक्कामापूर्वी अन्नाची चौकशी करणे हा औषधाच्या वेळापत्रकाचाच भाग समजावा. हलाल म्हणजे धर्माने विहित. मांसाच्या बाबतीत प्राणी विहित असावा, अल्लाचे नाव घेऊन जबह केलेला असावा आणि त्याचे रक्त वाहून गेलेले असावे. डुकराचे मांस आणि मद्य निषिद्ध. मासळीला मात्र जबह करावे लागत नाही, आणि येथेच वसईची सोय ध्यानात येते. समुद्रकाठच्या या प्रदेशात पापलेट, बोंबील, बांगडा ताजा मिळतो. भात, तांदळाची भाकरी आणि नारळाच्या रसातले माशाचे कालवण हे जेवण कोकणी मुसलमान, ख्रिस्ती, कोळी अशा अनेक घरांत आपापल्या चवीने होते. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई परंपरेचे आहेत आणि त्या परंपरेत समुद्रातील सर्व मासळी चालते. हनफी परंपरेत मासे चालतात, खेकडे आणि शिंपल्या चालत नाहीत, आणि कोळंबीविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तेव्हा सोबतच्या ज्येष्ठांना काय चालते, हे गृहीत न धरता त्यांनाच विचारावे.

विचारण्याचे प्रश्न थोडे आहेत आणि ते नम्रपणे विचारले तर कोणाला राग येत नाही. मांस कोठून आणता? डुकराचे मांस याच भांड्यांत शिजते का? तळण्याचे तेल वेगळे आहे का? पिठात किंवा रश्श्यात मद्य, ताडी वापरता का? शेवटचा प्रश्न वसईत विशेष महत्त्वाचा आहे. येथील ख्रिस्ती घरांतले फुगे आणि वाफवलेले सांदण हे पदार्थ अप्रतिम असतात, परंतु त्यांचे पीठ परंपरेने ताडी घालून आंबवतात. आता पुष्कळ ठिकाणी यीस्टही वापरतात. विचारले, की यजमान स्वतःच सांगतात. इतके करूनही खात्री पटत नसेल, तर शाकाहारी थाळी किंवा मासळी हा सरळ मार्ग आहे.

सोपाऱ्याच्या बाजूला एका घरगुती खाणावळीत आम्ही दुपारी जेवलो. चाचांनी बसण्यापूर्वीच हे प्रश्न विचारले. उत्तरे मिळाली, आणि मग त्यांनी दोन भाकऱ्या व बांगड्याचे कालवण शांतपणे संपवले. आईने तेथेच डाळ-भात आणि वांग्याची भाजी घेतली. एकाच मेजावर दोन वेगळी पथ्ये बसली आणि कोणाचेही पोट रिकामे राहिले नाही.

चवीपुढे सावधगिरी विसरू नये. सुकी मासळी, लोणचे, पापड यांत मीठ फार असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, आणि रक्तदाबाच्या रुग्णाची ही मर्यादा सुक्या मासळीच्या एखाद्या तुकड्यानेच बरीचशी गाठली जाते. आगाशी भागातील सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी, भेट म्हणून घ्यावीत अशीच आहेत. पण वाळवल्याने त्यांतील साखर घट्ट होते आणि पोटॅशियमही भरपूर असते. मधुमेह्यांनी लहानसा तुकडा घ्यावा, मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नये.

औषधांतही हलालचा प्रश्न उद्भवतो आणि वृद्ध माणसे तो संकोचाने बोलून दाखवत नाहीत. अनेक कॅप्सूलांचे आवरण प्राणिजन्य जिलेटिनचे असते. काही पातळ औषधांत अल्कोहोल असते. शंका आली म्हणून औषध परस्पर बंद करू नये. डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला स्पष्ट विचारावे. तेच औषध गोळीच्या रूपात किंवा वनस्पतिजन्य आवरणात पुष्कळदा मिळू शकते.

सपाट वाटा : किल्ला आणि सोपारा

जंगलाच्या दिवसानंतर दुसरा दिवस सपाट जमिनीचा असावा. वसईचा किल्ला खाडीच्या मुखाशी आहे. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. दोनशे वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांच्या सैन्याने ती जिंकली. आणि १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला तह याच गावाच्या नावाने ओळखला जातो. आत चर्चच्या उंच कमानी, वडाच्या मुळांनी वेढलेल्या भिंती, नागेश्वर आणि वज्रेश्वरीची मंदिरे आहेत. वृद्धांच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे किल्ल्यातील मुख्य वाट जवळजवळ सपाट आहे. तटावर किंवा पडक्या जिन्यांवर चढण्याचा मोह टाळला, तर कमानींच्या सावलीत तासभर सहज जातो. सायंकाळी बंदराच्या बाजूला बसून होड्या पाहाव्यात. दिवेलागणीपूर्वी निघावे, कारण अंधारात खाचखळगे दिसत नाहीत.

किल्ल्याबाहेरच्या वसईत वाड्यांमधून फिरणे हाही एक व्यायाम आहे. केळी, नारळ, सोनचाफा, भाजीचे वाफे, आणि अधूनमधून 'बावखल' म्हणून ओळखले जाणारे जुने गोड्या पाण्याचे तलाव. हे तलाव पावसाचे पाणी धरून ठेवतात आणि आसपासच्या विहिरींना जगवतात. रस्त्याने जाताना नाकाला चाफा लागतो आणि पायाला सपाट जमीन, एवढे पुरेसे आहे.

परतीच्या दिवशी सोपारा पाहावे. आजच्या नालासोपाऱ्याच्या गर्दीत हे प्राचीन शूर्पारक बंदर लपलेले आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील 'बुरुड राजाचा कोट' या टेकाडाचे उत्खनन करून बौद्ध स्तूप उजेडात आणला. अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही या परिसरात सापडले. मध्ययुगातील अरब भूगोलवेत्त्यांनी या बंदराचा उल्लेख 'सुबारा', 'सुफारा' अशा नावांनी केला आहे. ज्या किनाऱ्यावर अरबस्तानातून गलबते येत होती, तेथे मुसलमान वस्ती जुनी असावी आणि तिच्या स्वयंपाकाला नारळ, तांदूळ, मासळीचा वास असावा, यात नवल नाही. चाचा स्तूपाच्या सावलीत बसून म्हणाले, "हलाल जेवण शोधायला लोक कुठे कुठे जातात, आपलं तर हजार वर्षांपासून इथंच शिजतंय."

पिशवीत काय असावे

राहण्याची खोली तळमजल्यावर, पाश्चात्त्य पद्धतीचा शौचकूप असलेली आणि न्हाणीघरात आधाराची दांडी असलेली निवडावी. निघण्यापूर्वी दूरध्वनीवर हे विचारून घ्यावे. रात्री स्वच्छतागृहाच्या वाटेवर दिवा राहील असे पाहावे. अनोळखी खोलीत पडण्याचा धोका रात्रीच अधिक असतो.

दोन रात्रींसाठी चार दिवसांची औषधे घ्यावीत, त्यांतील निम्मी वेगळ्या पिशवीत. औषधांची यादी मोठ्या अक्षरांत, रक्तगट, ॲलर्जी आणि घरच्या दोन माणसांचे क्रमांक असा कागद ज्येष्ठांच्या खिशात असावा. मधुमेह्यांसाठी ग्लुकोज किंवा साखर हाताशी हवी. थरथर, घाम, गोंधळ जाणवला आणि साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली असली, तर १५ ग्रॅम म्हणजे सुमारे तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग काहीतरी खायला द्यावे. अशा वेळी चॉकलेट देऊ नये. त्यातील स्निग्धांशामुळे साखर हळू चढते. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे. लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी प्रवासासाठी परस्पर चुकवू नये. वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना आधी विचारावे.

शुश्रूषा करणाऱ्यांची विश्रांती

अशा मुक्कामाचा विचार आपण नेहमी रुग्णाच्या बाजूने करतो. त्याच्याबरोबर सावलीसारखे राहणाऱ्या माणसाचा विचार मागे पडतो. तो माणूस बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी असतो. तिला सहलीतही उठून गोळी द्यायची असते, ताट करायचे असते, रात्री कूस बदलायला मदत करायची असते. मग तिची सहल कोणती?

सोपाऱ्याच्या त्या खाणावळीत चाची आईला हळूच म्हणाल्या, "तीन वर्षांनी कुणीतरी मला वाढलं, वहिनी." आई काही बोलली नाही, तिने त्यांच्या ताटात आणखी थोडा भात वाढला. त्या दुपारी चाचांच्या गोळ्यांची डबी मी माझ्याकडे घेतली आणि चाची दोन तास झोपल्या. उठल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो चाचांच्या साखरेचा. तरी चेहऱ्यावर झोपेचा टवटवीतपणा होता.

म्हणून मुक्कामाला जाताना एक तिसरा माणूस सोबत असावा : भाचा, नात, शेजारी, कोणीही. दिवसातले निदान दोन तास औषधाची जबाबदारी त्याने उचलावी आणि त्या दोन तासांत शुश्रूषा करणाऱ्याला कोणी हाक मारू नये. दीर्घकाळ शुश्रूषा करणाऱ्यांना निद्रानाश, खिन्नता आणि कंबरदुखी जडते, हे डॉक्टरांच्या नित्य पाहण्यात असते. त्यांना मिळालेले दोन तास रुग्णाच्याही हिताचे असतात.

चिंचोटीला जाऊन धबधबा न पाहता परतलो, असे सांगितल्यावर ओळखीचे लोक हसतात. चाची मात्र आता पुढच्या हिवाळ्याच्या गोष्टी करतात. ज्येष्ठांच्या सहलीचे यश मोजायचे असेल, तर किती ठिकाणे झाली हे विचारू नये. पोटभर जेवले का, शांत झोपले का, पडले-झडले तर नाहीत ना, आणि पुन्हा जाऊ या असे त्यांनी स्वतः म्हटले का, एवढेच विचारावे. या चार प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर जवळचे ठिकाणही पुरेसे दूर असते.